मांदाना नावाचा शिक्का

माझी पुतणी मांदाना गेली.

वरील वाक्यावर 'रद्द' असा शिक्का मारलेला आहे, असं धरून चालावं. शिक्का आमच्याच दुकानातला आहे, तेव्हा त्याच्या खरेपणाबद्दल शंका नको. तर, काहीही झालेलं नाही. माझी पुतणी हॉस्पिटलात काचेच्या पेटीत आहे, खिडकीजवळ. नळी जागेवर राहावी म्हणून गालावर लावलेली चिकटपट्टी तिच्या गालापेक्षा मोठी आहे. तिला अजून नाव नाही. बाकी सगळं ठीक आहे.

आमचं दुकान कोर्टासमोर. रबरी शिक्के करून देतो. म्हणजे बाबा करतात आणि मी गिऱ्हाइकांना 'उद्या या' म्हणून सांगतो. या धंद्यात राहिलं की राज्यकारभार कसा चालतो ते वेगळं शिकावं लागत नाही. समोरच्या कचेरीचा 'विचाराधीन' दर वर्षी झिजून परत येतो. 'नामंजूर' त्याहून थोडा जास्त टिकतो. 'मंजूर' आजोबांनी करून दिला होता. तो अजून नव्यासारखा आहे म्हणतात.

बाबा यंत्र वापरत नाहीत. यंत्र आहे, त्यावर ते कप ठेवतात. रबराचा तुकडा घ्यायचा, त्यावर उलटी अक्षरं काढायची आणि बारीक पात्याने आजूबाजूचं रबर कोरून टाकायचं. अक्षरं उलटी, कारण रबर उलटं असेल तरच कागदावर सुलटं उमटतं. सगळी उमर यात गेल्यामुळे बाबांना आता उलटं हेच सुलटं वाटतं. बँकेत सही करताना त्यांचा हात क्षणभर थांबतो आणि कारकुनाला वाटतं, म्हातारा स्वतःचं नाव विसरला. माझंही तेच झालंय. आरशातली पाटी मला आधी वाचता येते, खरी नंतर.

दुकानात एक पाटी आहे: 'अर्थ सांगितल्याशिवाय शब्द कोरला जाणार नाही.'

तिला इतिहास आहे. एकदा एक छान कपड्यांतला माणूस कुठल्या तरी परक्या भाषेतला एकच शब्द घेऊन आला. कंपनीचं नाव आहे म्हणाला. बाबांनी सुंदर शिक्का करून दिला. त्याने तो ढीगभर पाकिटांवर मारला आणि पाकिटं गावभर पाठवली. तो शब्द म्हणजे पाकीट घेणाऱ्याच्या आईबद्दलची शिवी होती. शिक्क्याच्या मुठीवर आमच्या दुकानाचं नाव असतं. माणूस सापडला नाही, मूठ सापडली. लोक आले. त्यांतल्या एका दांडग्या बाईने बाबांना त्या शब्दाचा अर्थ सविस्तर समजावून सांगितला.

तेव्हापासून गिऱ्हाइकाने स्वतःचं आडनाव जरी कोरायला दिलं तरी बाबा चष्म्यावरून बघून विचारतात, "याचा अर्थ काय?" निम्मे लोक चिडून जातात. उरलेले घरी जाऊन विचारात पडतात.

आता वहिनी.

वहिनीची आधीची दोन मुलं याच हॉस्पिटलात, याच खोलीत, अशीच वेळेआधी आली आणि नाव ठेवायच्या आत गेली. या खोलीची पद्धत अशी की बाळ घरी जाईपर्यंत त्याला नाव नसतं. मनगटावर कागदी पट्टी, पट्टीवर आईचं नाव आणि पुढे 'चं बाळ'. सिस्टर लोक आपापसांत जागेवरून बोलतात. दारातलं, मशीनवालं, खिडकीजवळची. आमची खिडकीजवळची.

पट्टीवर बॉलपेनने लिहितात. पेटीत हात घालायच्या आधी प्रत्येक जण स्पिरिटने हात पुसतो आणि त्या ओल्या हाताने पट्टीवरची अक्षरंही पुसतो. वहिनी काचेबाहेर बसून ते बघायची. सकाळी तिचं नाव आणि 'चं बाळ'. दुपारी नुसतं 'चं बाळ'. मग 'बाळ'. एका संध्याकाळी पट्टी कोरी होती.

"भावोजी," ती मला म्हणाली, "ती पुसत चालली आहे."

"पट्टी हो, वहिनी. ती नाही."

"तुम्ही काचेतून बघा आणि मग सांगा."

मी बघितलं. मग तिच्याशेजारी बसलो.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांना बाहेरून धीर देणं हा त्याच्या नोकरीचा भाग आहे, त्याचं त्यांना रीतसर प्रशिक्षण असतं. तो कामावरून थेट यायचा, ग्रीसचे हात मागे बांधून काचेला तोंड लावायचा आणि म्हणायचा, "घाबरू नका, निघतंय." स्वतःच्या मुलीला अहोजाहो. सवय. बाकी कुणी काहीही विचारलं की त्याचं उत्तर एकच, "बघू."

नाव आलं ते शेजारच्या खाटेवरून. तिथे एक लांबच्या देशातली बाई होती, भाषा फारसी. तिची मुलगी आमच्या मुलीपेक्षाही किरकोळ होती. ही बाई दिवसभर काचेला टेकून एकच शब्द म्हणायची. मांदाना. मांदाना. सिस्टर म्हणायच्या, अहो, इथे नाव घेत नाहीत. तिला भाषा कळायची नाही, ती घेतच राहायची. ती मुलगी वजनाला चढली, गुबगुबीत झाली आणि एके दिवशी टोपी घालून घरी गेली.

निघताना वहिनीने तिला खुणेने विचारलं, नावाचा अर्थ काय? बाईने थोडा विचार केला. मग आपला तळहात टेबलावर ठेवला आणि दाबून धरला. बस. तसाच ठेवला.

"राहणारी," वहिनी मला सांगत होती. "मी तिचा हात उचलून बघितला हो, भावोजी. जोर लावून. हलला नाही."

"वहिनी, बाईच दणकट असेल."

"तुम्ही गप्प बसा. नाव ठरलं."

नाव आत्ताच लावून मागायला मोठ्या सिस्टरकडे जाताना वहिनीने मलाही नेलं, कारण कोर्टासमोर दुकान असल्यामुळे मला कायदा येतो असा घरात समज आहे. मोठी सिस्टर आधी नाही म्हणाली. मग वहिनीकडे बघून जरा घुटमळली.

"हे बघा, हाताने लिहिलेलं पुसतं, आणि पुसलेलं मी नोंदवहीत चढवू शकत नाही. न पुसणाऱ्या शाईचा शिक्का आणा. पट्टीवर मारू, मी नाव चढवते."

"चढवलं की?" वहिनीने विचारलं.

"मग पुढचे कागद नावाने निघतात."

"सगळे?"

सिस्टरने हातातलं पेन बंद केलं. "सगळे. कुठलेही."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, चला, एक काम झालं. वहिनी जिन्यात थांबली.

"आधीच्या दोघांचे कागद घरी आहेत. एकावर 'बाळ', दुसऱ्यावर 'बाळ'. मला एखाद्याची आठवण आली तर मी कुणाला हाक मारू? दोघं एकदम वळून बघतील." ती पुढे चालू लागली. "हिला नाव आधी. राहिली तर उत्तम. नाही राहिली तरी नावाने जाईल. आणि मला वाटतं, नाव असलेलं माणूस असं सहजासहजी उठून जात नाही."

आम्ही शिक्केवाले. जगात एखाद्या घराला ही गोष्ट सोपी असायला हवी होती तर ती आम्हाला. मी दुकानात येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी रबराचा तुकडा काढला, पातं पुसलं, दिवा जवळ ओढला.

"अर्थ काय?"

"राहणारी."

"कोण म्हणतं?"

"शेजारच्या खाटेवरची बाई."

"तिला नीट विचारून ये."

"ती गेली."

बाबांनी चष्मा वर केला. "राहणारीची आई गेली?"

"घरी गेली, बाबा. मुलीला घेऊन."

"बोलली काय नेमकं?"

मी टेबलावर तळहात दाबून दाखवला. बाबांनी त्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "हे 'राहा' पण असेल, 'थांब' पण असेल आणि 'गप्प बस' पण असेल. माझ्या नातीच्या हातावर मी 'गप्प बस' मारू?"

"बाबा, बाळ आहे ते. कुणाला पत्ता लागणार आहे?"

"पाकिटांच्या वेळीही मी हेच म्हणालो होतो." त्यांनी पाटीकडे बोट केलं, रबर खणात ठेवलं आणि एका संस्थेचा 'उशिरा आल्याबद्दल' पुढे ओढला.

रागावण्यात अर्थ नव्हता. कोर्टाच्या व्हरांड्यात एक दुभाषी बसतो. फारसी कागद आला की त्याच्याकडे जातो, महिनोन्महिने येत नाही, तेव्हा तो वकिलांना ज्योतिष सांगतो. मी नाव सांगितलं.

"मांदाना? सोपं आहे. 'मांदन' म्हणजे राहणं. राहणारी."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? शपथेवर हवं असेल तर कागद करावा लागेल."

"तसं नको. राहणारी म्हणजे टिकणारीच ना?"

"टिकणं, राहणं, उरणं, मागे पडणं." तो बोटांवर मोजायला लागला. "अन्न शिळं झालं की त्यालाही याच कुळातला शब्द. माणूस थकला की त्यालाही. भाषा श्रीमंत आहे हो."

"इतकी श्रीमंत नको होती," मी म्हटलं.

"मूल कुणाचं?"

"भावाचं."

"कसं आहे?"

"राहतंय."

"मग पहिलाच अर्थ घ्या," तो म्हणाला. "बाकीचे मी सांगितलेच नाहीत असं समजा."

हे मी बाबांना सांगताना बाकीचे अर्थ सांगायला नको होते. पण आमच्याकडे अर्धवट मजकूर घेऊन आलेल्या माणसाला हाकलून देतात, त्यामुळे मला पुरा मजकूर सांगायची खोड आहे. बाबा ऐकून म्हणाले, "टिकलेली की उरलेली? फरक आहे. टिकलेला माल आपण काचेत मांडतो. उरलेला फळीखाली टाकतो."

"काचेतच आहे ना ती," मी म्हणालो.

बाबांनी खण उघडला. पण रबर काढलं नाही.

मग आमचा प्राध्यापक. जुन्या भाषा शिकवून निवृत्त झालेला, दर काही महिन्यांनी 'हे पुस्तक परत करावे' असा शिक्का करून घेतो. पुस्तकं परत येत नाहीत, आणि हल्ली शिक्केही नेतात म्हणे. बाबांनीच त्याला अडवलं. त्याला कुणी काही विचारून बरीच वर्षं झाली असावीत. तो खुर्ची ओढून बसला.

"हे नाव आजच्या फारसीपेक्षा फार जुनं आहे. हजारो वर्षांपूर्वी एक राजकन्या होती, पुढे एका मोठ्या राजाची आई. ग्रीकांनी तिचं नाव लिहून ठेवलंय, त्यांना जमलं तसं. मूळ अर्थ खात्रीने कुणालाच माहीत नाही. काही अभ्यासकांचं मत, 'आनंदी'."

"आणि राहणारी?" बाबांनी विचारलं.

"तो लोकांनी मागाहून लावलेला. आजच्या भाषेतला शब्द जवळचा वाटला, दिला जोडून."

"का जोडला?"

"लोकांना हवा असेल."

मला राहवलं नाही. "सर, मग ती राहते की नाही?"

"कोण?"

"मांदाना."

प्राध्यापकाने चष्मा काढला, पुसला. "उपलब्ध पुराव्यावरून आत्ता काही सांगता येत नाही."

त्याच संध्याकाळी मी, दादा आणि वहिनी डॉक्टरांसमोर उभे होतो. त्यांनीही चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, आत्ता काही सांगता येत नाही. फक्त पुराव्याऐवजी रिपोर्ट म्हणाले. शिकलेली माणसं चष्मा काढायला लागली की आपण पाय घट्ट रोवून उभं राहावं, हे मी तेव्हा शिकलो.

दादा म्हणाला, "बघू."

"काय बघू?" वहिनी त्याच्यावर कडाडली. "दोनदा बघितलंत ना? अजून काय बघायचं राहिलंय?"

दादाने हात मागे बांधले आणि तो काचेकडे गेला. आम्हाला ऐकू आलं नाही, पण ओठ दिसत होते. घाबरू नका, निघतंय.

दुसऱ्या दिवशी वहिनी दुकानात आली. लग्न झाल्यापासून ती दुकानात कधी आली नव्हती. शाईचा वास तिला सोसत नाही. ती आत नाही आली. फळीच्या पलीकडे, गिऱ्हाइकांच्या बाजूला उभी राहिली.

"सूनबाई, आत ये ना," बाबा गडबडले.

"मी गिऱ्हाईक म्हणून आलेय. एक शिक्का हवाय. लहान. पट्टीवर मावेल एवढा."

"अगं, मी नाही म्हणत नाही. पण अर्थाचा घोळ झालाय. एक म्हणतो राहणारी, एक उरलेली, एक आनंदी, आणि शेवटी तोच म्हणतो माहीत नाही."

"चारही कोरा."

"हे बघ, शब्द एकदा उमटला की..."

"बाबा, तुमच्या स्वतःच्या नावाचा अर्थ काय?"

बाबा पाटीकडे बघायला लागले. मी त्यांचा मुलगा, मलाही माहीत नाही.

"अर्थ नंतर लावा हो," वहिनीचा आवाज खाली आला. "ती एवढीशी आहे. तिला कुठे इतका अर्थ पेलणार आहे? तुम्ही गावातल्या प्रत्येक कारकुनाचं नाव कोरलंत. तुमच्या नातवंडांत एकाचंही कोरलं नाहीत. कुणी कोरायला दिलं नाही म्हणून. आता मी देतेय."

बाबा उठले. पाटीपर्यंत गेले. काढतील असं वाटलं. त्यांनी ती नुसती फिरवली, तोंड भिंतीकडे. आमच्या दुकानात एवढी क्रांती पुष्कळ झाली.

मग ते बसले. मी त्यांना हजारो शिक्के करताना पाहिलंय. असा नाही पाहिला. एरवी त्यांची पेन्सिल झरझर चालते, इकडे गिऱ्हाइकाशी बोलतात आणि तिकडे अक्षरं उलटी पडत जातात. आज एक काना काढायला त्यांनी जीभ दातांत धरली. मुलाला पहिलं अक्षर गिरवून देताना बाप धरतो तशी. पात्याने कडा साफ केल्या, फुंकर मारली, अनुस्वार इतका गोल आला की तो भिंगाखाली दाखवावा असा. वहिनीने फळीवरून वाकून बघितलं आणि बोट न लावता, हवेत, एकेक अक्षर वाचलं.

"मां... दा... ना." ती हसली. खूप दिवसांनी. "किती छान वाचता येतंय, बाबा!"

बाबाही हसले.

तेवढ्यात दादाचा फोन आला. तो म्हणाला, "ये." मी म्हटलं, काय झालं? तो म्हणाला, "शिक्का झाला असेल तर घेऊन ये. वहिनीला, आपलं, तिला पण आण." दादा 'बघू' म्हणाला नाही.

"ठसा मारून बघू या," मी बाबांना म्हटलं. आमचा नियमच आहे. रद्दी कागदावर एक ठसा, मग माल बाहेर.

"नको," बाबा म्हणाले. "न पुसणारी शाई आहे. पहिला ठसा तिच्याच पट्टीवर पडू दे."

हॉस्पिटलात पेटीभोवती नेहमीपेक्षा जास्त माणसं होती आणि नेहमीपेक्षा कमी बोलत होती. मोठ्या सिस्टरने मला बघितलं, मानेनेच हो म्हटलं. नवीन कोरी पट्टी काढून तिने ट्रेवर सपाट धरली. मी शाई लावली, नेम धरला आणि दाबलं. ठसा अप्रतिम उठला. काळाभोर, कडा धारदार. सिस्टरने ती पट्टी बाळाच्या मनगटाला बांधली, नोंदवही उघडली, पेन काढलं आणि पट्टीकडे बघत थांबली.

"हे काय आहे?"

"मांदाना."

"कुठे?"

"हे काय, स्वच्छ लिहिलंय."

"ही कुठली भाषा?"

मी बघितलं. मला स्वच्छ दिसत होतं. आणि मला स्वच्छ दिसतंय म्हटल्यावर मी पट्टी परत बघितली, कारण मला स्वच्छ काय दिसतं ते मी वर सांगितलंच आहे. नाव उलटं उमटलं होतं. ज्या माणसाला बँकेत स्वतःची सही सुलटी करता येत नाही, त्याने आयुष्यात पहिल्यांदा रबरावर सुलटी अक्षरं काढली होती. आणि वहिनी रबर वाचून हसली, तेव्हा आम्हाला दोघांनाही काही वाटलं नाही. शिक्क्याचं रबर माणसाला सरळ वाचता येत असेल तर तो शिक्का फेकायचा असतो. हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

"सिस्टर, आरशात बघितलं तर..."

"नोंदवहीला आरसा चालत नाही हो." ती खरंच हळहळली. "वाचता येत नाही ते मी कसं चढवू? पळा. नीट करून आणा. मी इथेच आहे."

"पुसून टाकता येईल का?"

"तुम्हीच न पुसणारी आणलीत ना?"

मी पळालो. बाबांच्या समोर शिक्का ठेवला. त्यांनी उचलला, दिव्याखाली धरला, आणि वाचला. मग परत वाचला.

"सुलटं काढलं मी," ते म्हणाले.

"चालतं बाबा, लवकर दुसरा..."

"शिक्का म्हणून काढलंच नाही रे मी ते. नाव म्हणून काढलं." त्यांनी नवीन रबर घेतलं. झरझर उलटी अक्षरं. या खेपेला रद्दीवर ठसा मारून बघितला. चोख. दुकानाचं नाव राखील असा. फक्त अनुस्वार तेवढा गोल नव्हता.

मी परत पोचलो तेव्हा लिफ्टचं दार उघडंच होतं. दादा एक पाय मध्ये घालून उभा होता, दार बंद होऊ नये म्हणून. लिफ्टवाल्यांना असं करायला सक्त मनाई असते.

"निघाली," तो म्हणाला.

आता सुरुवातीचा 'रद्द' काढून घ्यावा लागेल. न पुसणाऱ्या शाईचा नव्हता.

मोठ्या सिस्टरला मी दुसरा शिक्का दाखवला. तिने तो हातात घेऊन नीट बघितला, मुठीवरचं दुकानाचं नावही वाचलं, आणि परत दिला. गेल्यानंतर नाव चढवता येत नाही. तिने हे तीनदा, वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं, शेवटच्या वेळी रडत सांगितलं, पण चढवता येत नाही. कागद निघाला. वहिनीचं नाव, आणि पुढे 'चं बाळ'.

पट्टी मात्र कुणी काढली नाही. वहिनी पेटीपाशी बसली होती, मुलगी मांडीवर. मी तिच्यामागे उभा राहिलो. तिने ते एवढंसं मनगट उचलून पेटीच्या काचेसमोर धरलं होतं. काचेत नाव सरळ दिसत होतं. वहिनीने ते वाचलं, मोठ्याने, आणि एकदाच.

कुणी वळून बघितलं नाही.

दुकान दुसऱ्या दिवशी उघडलं. पाटी बाबांनी परत सरळ केली. दोन्ही शिक्के खणात ठेवले, एकमेकांकडे तोंड करून. वहिनी जेवते, झोपते, विचारलं तर उत्तर देते. फक्त कधी कधी जेवणाच्या टेबलावर आपला तळहात ठेवते आणि दाबून धरते. काल दादाने तो उचलायचा प्रयत्न केला. लगेच उचलला गेला.

मला एवढंच येतं, म्हणून मी अर्ज केला. समोरच्या कचेरीत नेऊन दिला. कारकुनाने तो वाचला नाही. त्यावर 'विचाराधीन' मारला. ठसा पुसट उठला. शिक्का झिजलाय, नवीन करायला पाठवतो म्हणाला. अर्ज पुढीलप्रमाणे:

प्रति,
संबंधित अधिकारी,
नावे व त्यांचे अर्थ विभाग
(असा विभाग नसल्यास तो स्थापन करून त्याचे अधिकारी)

विषय : 'मांदाना' या नावाचा अर्थ निश्चित करून मिळणेबाबत.

महोदय,

सदर नावाचे राहणारी, उरलेली, आनंदी व अज्ञात असे चार अर्थ असल्याचे चौकशीअंती दिसून आले आहे. पैकी दुसरा अर्थ सध्या आमच्या घरातील इतर सर्व व्यक्तींना लागू झालेला असून त्याबाबत आमची तक्रार नाही. चौथा अर्थ डॉक्टर व प्राध्यापक यांच्या वापरात आहे. तिसरा कुणीही मागितलेला नाही. सोबत शिक्के दोन (सुलटा एक, उलटा एक) जोडले असून आवश्यक वाटेल तो वापरावा. तरी सदर नावाचा पहिला अर्थ हाच खरा असल्याचे जाहीर करून तो मागील तारखेपासून लागू करण्यात यावा, आणि त्या अनुषंगाने खिडकीजवळची जागा पूर्ववत करून मिळावी, ही नम्र विनंती.